‘कधीही न तुटणारं’ किट आणि माझा ठिसूळ डॅशबोर्ड

डब्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘कधीही न तुटणारं’. सात महिने वापरल्यावर या ट्रिम टूल किटबद्दल माझी मुख्य तक्रार नेमकी तीच आहे.

किटमध्ये काय येतं ते आधी सांगून टाकते. गाडीच्या आतल्या जाळ्या, पट्ट्या, बटणांच्या चौकटी, दाराचे पॅनल हे सगळं ओरखडा न उठवता सोडवायला बारा नग. त्यातले नऊ प्लास्टिकचे: दोन रुंद चपट्या पट्ट्या, तीन पाचरी, टोकाला खाच असलेले दोन काटे, एक बाकदार टोकाचा दांडा आणि एक निमुळती करड्या रंगाची पट्टी. ही शेवटची बाकीच्यांच्या मानाने इतकी हलकी आहे की खेळण्यातली वाटते. उरलेल्या तिनांत एक पोलादी क्लिप-काढणी आणि मीटर, म्हणजे डॅशबोर्डमधला काट्यांचा आणि घड्याळाचा अख्खा डबा, बाहेर ओढायचे दोन तारेचे हुक. सगळं कापडी गुंडाळीत, प्रत्येकाला वेगळा कप्पा. गुंडाळीची शिवण झकास आहे. किटमधली सगळ्यात मन लावून केलेली वस्तू बहुधा तीच.

मी कोण हे सांगायला हवं, कारण त्यावर माझं मत अवलंबून आहे. मी मेकॅनिक नाही. मी दंततंत्रज्ञ आहे, कवळ्या आणि कॅप बनवते. दिवसभर हात ऍक्रिलिक, मेण आणि प्लास्टरमध्ये. तुटलेली कवळी समोर आली की ती जोडायच्या आधी कुठून तुटली, तडा कुठल्या कोपऱ्यातून निघाला, हे बघायची खोड लागलेली आहे. तीच खोड घेऊन मी गाडीत शिरले.

गाडी १९८१ सालची मर्सिडीज २४० डी, शौकिनांच्या भाषेत डब्ल्यू १२३. काटेकोर बोलायचं तर हिला व्हिंटेज म्हणता येत नाही. इंग्लंडातल्या जुन्या व्याख्येनुसार व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळात बनलेली गाडी. पण चाळिशी उलटलेल्या गाडीला सगळेच व्हिंटेज म्हणतात, मीही म्हणते. ही मालिका १९७६ पासून दहाएक वर्षं चालली आणि सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात, ही एक सोय. पण मिळतो तो डॅशचा जुना भागही आपल्या भागाइतकाच म्हातारा असतो. तेव्हा ‘तुटलं तर दुसरा आणू’ हे गणित इथे चालत नाही.

डॅश उघडायचं कारण साधं होतं. मीटरच्या उजव्या गोलातलं मोठं घड्याळ बंद पडलं होतं आणि एकूण किलोमीटरचे आकडे एका जागी थिजले होते, वेगाचा काटा मात्र ठणठणीत. दोन्ही दुखणी वयाची. घड्याळाच्या आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकतात आणि आकडे फिरवणारं चिमुकलं दातेरी चाक आपल्या दांड्यावर सैल होऊन नुसतं गरगरतं. दोन्ही दुरुस्त्या टेबलावर बसून तासाभरात होतात. तिथपर्यंत पोचण्यासाठी डॅशमधून मीटर बाहेर काढायचा, हे खरं काम.

सुरुवात मात्र मी मीटरपासून केली नाही. म्हटलं, आधी सोप्या जागी हात बसवू, म्हणून डॅशच्या टोकाला, समोरच्या काचेच्या अगदी खाली असते ती स्पीकरची जाळी निवडली. किटमधली सगळ्यात दणकट पाचर घेतली, जाळीच्या कडेला टेकवली आणि किंचित दाबली. पाचर आत गेली. आणखी किंचित. जाळीची कड केसभर उचलली गेली आणि आतून एक आवाज आला. मोठा नव्हे, नखावर नख आपटल्यासारखा. जाळी हातात आली तेव्हा तिच्या मागच्या चार खुंट्यांपैकी एक डॅशमध्येच राहिली होती.

धाकटा भाऊ मागच्या सीटवर टॉर्च धरून बसला होता. म्हणाला, “ताई, पण पाचरीला काही झालं नाही बघ.”

त्याला गंमत करायची होती, पण मर्म तेच होतं. पाचरीवर साधा डागही नव्हता. कवळी घासताना माझा हात चुकला तर आधी मेण वाकतं किंवा प्लास्टरचा टवका जातो. कवळी वाचते, कारण तिच्या भोवतीचं सगळं तिच्यापेक्षा कमजोर ठेवलेलं असतं. इथे उलट होतं. हत्यार पहिलवान आणि भाग पंडुरोगी. दोघांच्या झटापटीत कोण हरणार हे डब्यावरच छापलेलं होतं.

तुटलेली खुंटी चिमट्याने काढली आणि भिंगाखाली धरली. तडा खुंटीच्या मधून गेला नव्हता, ती जिथे जाळीला चिकटते त्या काटकोनी कोपऱ्यातून गेला होता. ताण नेहमी अशा आतल्या टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. तुटलेला पृष्ठभाग खडूसारखा फिका होता आणि उन्हाच्या बाजूचा पातळ थर जास्त पिवळा. जाळीचं प्लास्टिक एबीएस निघालं, ते कसं ओळखलं ते पुढे सांगते. एबीएसमध्ये ब्युटाडाइन नावाच्या रबराचे सूक्ष्म कण असतात. प्लास्टिकला धक्का सोसायची ताकद त्यांच्यामुळे येते, आणि ऊन-हवेने आधी मरतात तेही तेच. वरून जाळी शाबूत दिसते, पण तिच्यातलं रबर केव्हाच संपलेलं असतं. डॅशवरच्या मऊ आवरणाची गोष्टही याच जातीची. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडत राहतं. काचेच्या आतल्या बाजूला जमणारी तेलकट धुरकट साय असते ना, त्यातला बराचसा भाग हाच. द्रव्य उडालं की आवरण आकसतं आणि ताणून फाटतं. म्हणून डॅशमधला सगळ्यात ठिसूळ भाग शोधायचा असेल तर काचेजवळ शोधा. मी सरावासाठी नेमका तोच निवडला होता. अक्कल गेली होती गावाला, दुसरं काय.

मग किट घरी आणून एकेक नग नीट तपासला. पाचरी आणि रुंद पट्ट्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या आहेत. ओळखायची खूण अशी की कड कानशीने घासली की चकाकते आणि भुकटी बोटांना खाजते. घासताना तोंडावर मास्क ठेवा. हे प्लास्टिक कडक असतं, वाकत नाही, आणि त्याची ताजी कड मऊ रंगावर बारीक रेघ सहज उठवते. ‘ओरखडे पडणार नाहीत’ हा दावा लोखंडी स्क्रूड्रायव्हरशी तुलना करून केला असेल तर ठीक, एरवी नाही. वर साच्याची शिवण प्रत्येक नगाच्या कडेने तशीच सोडलेली. मी सगळ्या कडा कामाच्या टेबलावर गोल केल्या, आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ८०० ने. एका पाचरीचं टोक इतकं उतरवलं की ते आता नखाच्या जाडीचं आहे. त्या एका बदलाने ती पाचर कामाची झाली. विकणाऱ्याला याबद्दल लिहिलं होतं. उत्तरादाखल आभाराचा तयार मजकूर आला.

आणि ती खेळण्यातली करडी पट्टी? ती साध्या नायलॉनची निघाली. डब्यावरच्या चित्रात तिला कोपऱ्यात टाकलंय. जोर लावला की ती वाकते, आणखी लावला की सरळ घसरून बाहेर येते. पहिल्यांदा मला ती टाकाऊ वाटली. आज किटमधली तीच एक वस्तू आहे जी मी विचार न करता उचलते. तुम्ही चुकीच्या जागी उचकटताय हे ती वाकून सांगते, आणि वेळेत सांगते. पाचर मात्र भाग तुटल्यावर सांगते.

नायलॉनचं एक गुपित आमच्या धंद्यात ठाऊक असतं. साच्यातून निघालेलं कोरडं नायलॉन बऱ्यापैकी कडकडीत असतं. हवेतला ओलावा शोषून ते चिवट होतं. मध्यम दमट हवेत ते वजनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत पाणी पितं. किट प्लास्टिकच्या पिशवीत बंद येतं, सोबत ओलावा टिपणारी पुडी. म्हणजे हत्यार कोरडंठाक. मी करड्या पट्टीला आणि दोन्ही काट्यांना गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवलं.

“ताई, हत्यारं कोण भिजत घालतं?”

“मी घालते.”

दुसऱ्या दिवशी काट्याचं टोक वाकवून दाखवलं तेव्हा तो गप्प बसला. आदल्या दिवशी त्याच काट्याच्या खाचेजवळ पांढरी रेघ उमटली होती, तुटायच्या आधी उमटते तशी. भिजवल्यावर तितकंच वाकवूनही काही उमटलं नाही. हे किटच्या कागदावर एका ओळीत लिहिता आलं असतं. त्या कागदावर बारा नगांची बारा चित्रं आहेत आणि सहा भाषांत एकच वाक्य: सांभाळून वापरा.

आता मीटर. मीटरच्या चौकटीला समोरून एकही स्क्रू नाही. पहिल्यांदा बघणारा स्क्रू शोधून थकतो. मीटरचा अख्खा डबा भोवतीच्या रबराच्या घर्षणावर डॅशमध्ये घट्ट बसलेला असतो, बाटलीच्या बुचासारखा. ही रचना मला मनापासून आवडली. नवी असताना ती किती सोपी असेल! चाळीस वर्षांनी मात्र रबर आवरणाला चिकटून बसलेलं असतं आणि सरळ ओढलं तर आवरणाचा लचका घेऊनच निघतं.

बॅटरीची ऋण तार आधी काढली. स्टिअरिंगखालचं पॅनल उतरवलं, म्हणजे मागून हात घालता येतो. स्टिअरिंगच्या नळीवर जुना टॉवेल दुहेरी घडी करून बांधला. मग दातांच्या एक्स-रेची जुनी फिल्म घेतली. माझ्याकडे तिचा खच आहे. तिची बोटभर रुंद पट्टी कापली, कोपरे गोल केले, आणि रबर व आवरण यांच्या मधल्या फटीत सरकवली. ही फिल्म पॉलिस्टरची असते, पातळ पण ताठ. तिला चौकटीभोवती हळूहळू फिरवत नेलं. काही ठिकाणी ती सुळकन सरकली, काही ठिकाणी चिकटलेलं रबर करकर करत सुटलं. एक फेरी पूर्ण करायला वीस मिनिटं लागली. किटमधलं काहीही एवढं पातळ नाही, आणि माझ्या मते किटमधली सगळ्यात मोठी उणीव ती आहे. अशी एक साधी पट्टी घालायला त्यांना काहीच पडलं नसतं.

मग हुक. कल्पना उत्तम आहे. तारेचं वळवलेलं टोक आडवं धरून फटीतून आत सरकवायचं, आत गेलं की पाव वळसा फिरवायचा, म्हणजे ते चौकटीच्या मागे अडकतं. डाव्या-उजव्या बाजूला एकेक. तारेची जाडी बरोबर आहे, पोलाद चांगलं आहे, जोर लावूनही वळण उघडलं नाही. पण टोकं कापून तशीच सोडली होती, बोट फिरवलं तर रक्त येईल अशी. ती कानशीने गोल केली. तारेवर उष्णतेने आकसणारी पातळ नळी चढवली, वायरमन लोक वापरतात ती, म्हणजे तार आवरणाला घासली तरी खूण उठत नाही. मूठ म्हणून नुसती कडी दिलीय, तिच्यात एक बोट जेमतेम जातं. एका बोटाने ओढताना जोर कधी अचानक वाढतो ते कळत नाही. मी कडीतून पेन्सिल आडवी घातली आणि मुठीत धरली. दोन पेन्सिली, दोन मुठी. मग हाताला जोराचा अंदाज येऊ लागला.

दोन्ही हुक एकदम ओढायचे नाहीत. डावीकडे दोन मिलिमीटर, उजवीकडे दोन मिलिमीटर. मधेच भावाने खालून हात घालून मागून तळव्याने दाब दिला. बोटांनी नाही, तळव्याने, म्हणजे दाब एका ठिकाणी पडत नाही. चौथ्या फेरीला मीटर ढिला झाल्याचं हाताला कळलं. आवाज काहीच नाही, फक्त अडकलेपण संपलं.

इथे बहुतेक लोक चूक करतात आणि मीही करणार होते. मोकळा झालेला मीटर लगेच बाहेर ओढावासा वाटतो. पण मागे तीन लगाम असतात. विजेच्या वायरी, वेगाच्या काट्याची केबल आणि तेलदाबाची नळी. या गाडीत तेलदाबाचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनातलं खरं तेल एका बारीक कडक प्लास्टिकच्या नळीतून थेट मीटरपर्यंत येतं. ती नळी वयाने वाळलेली असते. तिला एकदा मोड आली की ती तिथून चिरते, आणि ते कळतं ते नंतर गाडी चालवताना, बुटांवर तेल ठिबकायला लागल्यावर. म्हणून मीटर चार बोटं बाहेर आला की थांबायचं, केबलला मागून ढील द्यायची, तिची गोल चकती हाताने फिरवून सोडायची, मग नळीचा नट. नट सोडताना पान्याने फक्त नट फिरला पाहिजे, नळीला पीळ बसता कामा नये. खाली चिंधी धरा. थोडं तेल येतंच. प्रत्येक वायरीला मास्किंग टेपचा तुकडा लावून मी आकडे घातले, आणि तरीही फोटो काढले, कारण माझे सातचे आणि एकचे आकडे सारखेच दिसतात.

मीटर बाहेर आल्यावर एक सावधगिरी. वरचं पारदर्शक झाकण पुसायला स्पिरिट घेऊ नका. जुन्या मीटरवरची ‘काच’ पुष्कळदा ऍक्रिलिक असते, आणि ताण असलेल्या ऍक्रिलिकवर स्पिरिट पडलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात. त्या परत जात नाहीत. हे ज्ञान मी माझ्या पहिल्या वर्षी एका पूर्ण कवळीची किंमत देऊन मिळवलंय. साबणाचं पाणी, मऊ कापड, बस. किटच्या डब्यावर छापलेल्या ‘काम झाल्यावर भाग अल्कोहोलने स्वच्छ करा’ या सल्ल्यावर मी पेनाने काट मारून ठेवलीय. झटपट डिंकही (सुपरग्लू) या मीटरजवळ उघडू नका. त्याच्या वाफेने झाकणावर पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसतं.

बटणांच्या मुठी ओढून काढायला किटमध्ये खाचेचे काटे आहेत. मोठ्या मुठींना ठीक. लहान मुठींच्या मागे काट्याची जाडी मावत नाही, आणि एका बाजूने रेटलं की मूठ तिरकी होऊन आतला दांडा मोडतो. इथे माझा उपाय दात साफ करायचा दोरा. मुठीमागून दुहेरी वेढा घ्यायचा, दोन्ही टोकं दोन हातांत, आणि मुठीच्या अक्षात सरळ स्वतःकडे ओढायचं. सगळ्या बाजूंनी सारखा जोर लागतो. मेणाचा थर असलेला दोरा घ्या, तो घसरून आत जातो. तीन मुठी अशा काढल्या, चौथीला ड्रायरची थोडी ऊब द्यावी लागली.

उबेबद्दल दोन शब्द, कारण यावर फार बेफिकिरीने सल्ले दिले जातात. एबीएस साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं. आपल्याला तिथे जायचंच नाही. कवळीचं ऍक्रिलिक मी ७४ अंशांच्या पाण्यात तासन् तास ठेवते, त्यामुळे तापमानाचा मला थोडा अंदाज आहे, तरीही डॅशवर माझं मोजमाप एकच: ड्रायर वीतभर लांब, सतत हलता, आणि भागावर तळहात दहा सेकंद आरामात टेकवता आला पाहिजे. तेवढ्या उबेने क्लिपांना थोडी लवचीकता येते आणि जुना चिकटा सैल पडतो. थंडगार गाडीत सकाळी सकाळी डॅश उघडू नये ते याच कारणाने.

एका ओळखीच्यांनी हेच किट त्यांच्या १९३० च्या दशकातल्या गाडीसाठी नेलं आणि न वापरता परत केलं. त्यात किटचा दोष नाही. त्या गाडीच्या डॅशवर क्लिपा नाहीतच. सगळं स्क्रू, नट आणि गंज. आणि मुठी बेकेलाइटच्या. बेकेलाइट लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलं, ते एकदा घट्ट झालं की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही. ड्रायर लावून ते लवचीक होईल अशी वाट बघाल तर फक्त धीर सुटेल. तिथे आटेवाल्या जागी गंजात झिरपणाऱ्या तेलाचा थेंब, एक रात्र, आणि स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रूड्रायव्हर. तुमची गाडी १९५० च्या आधीची असेल तर हे किट घेऊच नका.

जाळीच्या तुटलेल्या खुंटीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आधी प्लास्टिक कोणतं ते बघितलं. जाळीच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, काडीने ऍसिटोनचा ठिपका लावला. पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे एबीएस. नायलॉनवर किंवा पॉलिप्रॉपिलीनवर असं होत नाही, आणि तिथे पुढची युक्तीही चालत नाही. मोडक्या एबीएसचा चुरा ऍसिटोनमध्ये घालून घट्टसर रबडा केला आणि खुंटी जागेवर बसवून तो ब्रशने थराथराने चढवला. कवळीची दुरुस्ती करताना ब्रश असाच चालतो, थेंब, थर, थेंब, थर. फरक एवढाच केला की आतला काटकोनी कोपरा भरून गोल केला. दोन दिवस वाळू दिलं. आता ती खुंटी बाकीच्या तिघींपेक्षा भक्कम आहे, त्यामुळे पुढच्या वेळी त्या तिघींपैकी एखादी जाईल, हेही मला माहीत आहे.

पोलादी क्लिप-काढणीबद्दल फार लिहीत नाही. दाराच्या पॅनलला छान चालते, डॅशजवळ मी तिला येऊ देत नाही. बाकदार दांडा कशासाठी आहे ते मला अजून कळलेलं नाही. भाऊ तो रंगाचे डबे उघडायला वापरतो आणि म्हणतो की किटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

पाचपैकी तीन तारे देते. दोन हुकांना, एक करड्या पट्टीला. ज्याच्याकडे कानस, पॉलिश पेपर आणि एक मोकळी संध्याकाळ आहे त्याने घ्यावं, कारण कच्चा माल म्हणून हे किट वाईट नाही. पिशवी फोडून सरळ डॅशला भिडणार असाल तर मात्र नका घेऊ. आणि नवखे असाल तर फक्त हुक वेगळे मिळतात का बघा. पट्टी म्हणून जुनी एक्स-रे फिल्म चालेल, एखाद्या दवाखान्यात मागितली तर नाही म्हणणार नाहीत.

मीटर परत बसवताना रबराला साबणाच्या पाण्याचा हात लावला, म्हणजे ते चुरगळत नाही. पूर्ण दाबायच्या आधी, अर्धवट बाहेर असतानाच इंजिन सुरू करून तेलाच्या नळीचा सांधा पाच मिनिटं टॉर्चने बघत बसले. कोरडा होता. मग दोन्ही तळव्यांनी सारखा दाब दिला आणि मीटर आपल्या जागी जाऊन बसला. किलोमीटरचे आकडे फिरताहेत. घड्याळही चालतंय, दिवसाला तीन मिनिटं पुढे जातं. त्याच्या पाठीमागे वेग जुळवायचा एक बारीक स्क्रू असतो हे मला मीटर बसवल्यानंतर भावाने सांगितलं.